प्रदर्शनाच्या दाराबाहेर बोरगावची जोडी

तवंदीच्या घाटावर आणि घाटाखाली राहणाऱ्या, स्वदेशीचं व्रत घेतलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो! तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. आपल्या मुलखात बनलेल्या वस्तूला आपल्याच पेठेत दर्शनी फळी मिळत नाही. कोणत्याही दुकानात जा. काचेच्या कपाटात जपानचा चिनीमातीचा कुत्रा ऐटीत बसलेला असतो आणि गोकाकचा लाकडी राघू खालच्या टोपलीत पाय वर करून पडलेला असतो. शहापुरी लुगडं मागितलं तरी दुकानदार आधी मिलचं पातळ उलगडतो आणि म्हणतो, "हे बघा तरी, बाई." आपण बघतो. तिथंच हरतो.

ही तक्रार मी इतक्या व्यासपीठांवरून केली आहे की माझ्या घशाला ती पाठ झाली आहे. म्हणून बेळगावला देशी कारागिरीचं आणि खाद्यपदार्थांचं प्रदर्शन भरतंय, तिसऱ्या दिवशी तुमचं व्याख्यान ठेवलंय, असं निमंत्रण आलं तेव्हा मी होकाराचं कार्ड टाकलं आणि त्याच संध्याकाळी पिशवी भरली. व्याख्यान तिसऱ्या दिवशी होतं. मी प्रदर्शन उघडण्याच्या आदल्या दिवशीच कोल्हापूर सोडलं. घरात बसवेना. जिथं आपला माल मानानं मांडलेला आहे अशी एक तरी जागा डोळ्यांनी पाहायची होती, आणि ती भाषणाच्या गडबडीत नव्हे, सावकाश.

कोल्हापूरहून निपाणीला सर्व्हिस मोटार मिळते. बारा आणे घेतात. ज्यांना जायचं असेल त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: मोटार सुटण्याची वेळ ही ड्रायव्हरच्या मनातली गोष्ट असते. सीट भरल्या, टप भरला, मागच्या शिडीला दोन माणसं लटकली, तरी क्लीनर ओरडतच होता, "निपाणी, निपाणी, गाडी रिकामी हाय!" एक म्हातारे गृहस्थ माझ्या पिशवीवर टेकून म्हणाले, "ही रिकामी, तर भरल्याली कसली असंल रं?" क्लीनर म्हणाला, "आजोबा, तुमी श्वास सोडला की आनि दोगं बसत्यात."

निपाणी डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. गाव दिसायच्या आधीच तंबाखूचा वास येतो, गोडसर आणि तिखट, आणि मग तो पदरातून, केसांतून, जेवणातून निघत नाही. हंगाम सुरू होता. बैलगाड्यांवर बोदांची, म्हणजे तरटात बांधलेल्या तंबाखूच्या गठ्ठ्यांची रास, वखारींच्या दारांत पाला निवडणाऱ्या बायकांच्या रांगा, सगळ्यांच्या नाकातोंडावर पदर. मुक्कामाला होते बाळाप्पांकडे. ते तंबाखूचे व्यापारी, जैन, माझ्या वडिलांचे स्नेही. घरात मराठी, देवळात मराठी, दुकानात कानडी, आणि रागावले की दोन्ही. सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. प्रदर्शनात गूळ आणि तंबाखू पारखायला परीक्षक म्हणून त्यांनाही बोलावणं होतं. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकली: ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि आक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आग्रहानं वाढलेली हुग्गी. गव्हाची ही खीर बेळगावकडे कुठंही मिळाली तर सोडू नका.

जेवणानंतर मला बसवेना, म्हणून पेठेत फिरून आले. परत आल्यावर आक्का हसत आप्पांना म्हणाल्या, "ही पोरगी लहानपनी बी अशीच. पाटावर बसवली की पाट फिरवायची." 

सकाळी आप्पा आणि मी दोघं बेळगावच्या मोटारीत बसलो. इथं सव्वा रुपया पडतो. निपाणी सोडली की लगेच तवंदीचा घाट लागतो, आणि घाटाच्या पहिल्याच वळणावर आमच्या गाडीच्या नाकातून वाफ निघायला लागली. ड्रायव्हरनं सगळ्यांना उतरवलं. पाणी ओतून इंजिन निवेपर्यंत थांबायचं, हा रोजचाच परिपाठ. लोक झाडाखाली बसून पानाचे डबे उघडायला लागले. मी चालत घाट चढायला लागले.

"आवो बाई, गाडी सोडून कुटं चाललासा?" ड्रायव्हर मागून ओरडला.

"बेळगावला!"

"मग तिकिटाचं पैसं देऊ का परत?"

सगळे हसले. वर पोहोचून मागं पाहिलं तर निपाणीकडचा सगळा सखल मुलूख तंबाखूच्या हिरव्या चौकटींनी भरलेला. थोड्या वेळानं गाडी धापा टाकत आली आणि मला उचलून पुढं निघाली. संकेश्वरला चहा घ्या, पण त्याहून आधी रस्त्याच्या कडेची खळी बघा. मिरची वाळत घातलेली असते, लांबलचक, सुरकुतलेली, आणि हिरण्यकेशीकडून वारा आला की अख्खी मोटार शिंकते. पुढं रस्ता खडीचा, धूळ लाल. डोक्याला आणि तोंडाला पदर बांधून बसायचं. काकतीच्या पुढं किल्ल्याचा तट आणि छावणीची झाडं दिसू लागली तेव्हा दुपार झाली होती. आप्पा आपल्या नातेवाइकांकडे गेले, मी एका ओळखीच्या शिक्षिकेकडे उतरले. प्रदर्शन त्याच दिवशी सकाळी उघडलं होतं, पण धुळीनं आणि प्रवासानं मी इतकी माखले होते की दर्शन दुसऱ्या दिवशीवर गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या वेळेलाच हजर. एक आणा तिकीट. मैदानावर केवढा तरी मंडप, आंब्याच्या डहाळ्यांची कमान. कमानीत पाटी: "आत भारतमातेची तसबीर आहे. पादत्राणे बाहेर काढावीत." कमानीच्या डाव्या हाताला तरट अंथरलेलं, त्यावर चपलांच्या ओळी, आणि मागं एक मध्यमवयाची बाई बसलेली. मी माझ्या चपला काढल्या, तिच्यासमोर ठेवल्या, "सांभाळ गं बाई" म्हटलं आणि आत शिरले. आत जायची इतकी घाई होती की तिच्या तोंडाकडंही पाहिलं नाही.

आणि आत काय काय होतं! शहापूरच्या विणकरांनी हातमागच मंडपात मांडला होता. शहापूर बेळगावला चिकटलेलं, पण ते संस्थानातलं. रस्ता ओलांडला की राज्य बदलतं, तरी लुगड्याचा काठ दोन्ही राज्यांत तोच. हातमागाचा खटका पडला की भोवतीची मुलं दचकायची आणि पुन्हा पुढं सरकायची. गोकाकची खेळणी होती, फळं तर इतकी हुबेहूब की एका गृहस्थांनी लाकडी केळं सोलायला घेतलं. विकणारा शांतपणे म्हणाला, "सोलून झालं की साल द्या साहेब, गायीला घालतो." गोकाकचंच करदंट, डिंकाचं आणि सुक्या मेव्याचं, चिवट, दातांची परीक्षा घेणारं. खानापूरची लाल मातीची मडकी. गुंजीच्या बायकांनी आणलेल्या बांबूच्या टोपल्या आणि फणसाचे पापड. बेळगावचा कुंदा पानावर मिळत होता. तो सकाळी खा, दुपारपर्यंत संपतो.

सगळ्यात मोठी गर्दी मांड्यांपाशी. मांडे करणाऱ्या बाई पातळ पोळी दोन्ही हातांवर झेलत होत्या. पोळी तळहातावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत वाढत जायची, आरपार दिसायला लागायची, आणि फाटणार असं वाटतं त्याच क्षणी उलट्या खापरावर जाऊन पडायची. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "बग, असा मांडा आमच्या सुनेनं केला असता तर मी कशाला भांडले असते गं?" दुसरी म्हणाली, "तू मांडा खाऊन बी भांडली असतीस."

हेच तर पाहायला आले होते. प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी, गावाचं नाव, करणाऱ्याचं नाव. परीक्षक फिरून वस्तू निवडणार आणि निवडलेल्या वस्तूंवर शिक्का मारून त्या पुण्याच्या मोठ्या प्रदर्शनाला पाठवणार, अशी जाहीर पाटी. मी वहाणांचा गाळा शोधत होते. निपाणीकडच्या चपला या मुलखाचं नाव आहे. पायात करकरत निघाल्या की माणूस यायच्या आधी त्याची ओळख येते. सगळा मंडप दोनदा फिरले. सापडल्या नाहीत. त्यांचे कारागीर आले नसतील, असं समजून बाहेर पडले.

कमानीपाशी ती तरटावरची बाई उभी राहिली. माझ्या चपला तिच्या हातात होत्या.

"बाई, ह्या तुमच्या न्हवं? घ्या. आमच्या मालात ठिवू नगासा. दोन गिऱ्हाइकं किंमत इचारून गेली."

"तुमचा माल?"

"मग काय! मला चपला राखायला बसवलंय वाटलं व्हय?" ती हसली, पण डोळे हसत नव्हते. "तुमचं बी बरूबर हाय. सकाळपासनं सगळी हितंच काडत्यात. कोन म्हनतंय सांबाळ, कोन म्हनतंय परत येताना पैसा देतो. एकानं तर माजी नवी जोडी पायानं बाजूला सारून आपली ठेवली."

ती गंगव्वा. निपाणीजवळच्या बोरगावची. तिचा नवरा शिदाप्पा मागं खांबाला टेकून एका चपलेच्या पट्ट्याची चामडी वेणी घट्ट करत बसला होता. तरटावर त्यांच्या नव्या चपला आणि लोकांच्या झिजलेल्या वहाणा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. आत मी जो गाळा शोधत होते तो हा. मंडपात पादत्राणं वर्ज्य, म्हणून पादत्राणं बनवणारे मंडपाबाहेर! आणि बाहेर बसले, म्हणून येणारा प्रत्येक माणूस त्यांना वहाणा राखणारे समजणार! चूक एकाची नव्हती. ती आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेली आहे. चर्मकार आणि चपला दिसल्या की त्या माणसाची एकच जागा आपल्याला सुचते, उंबऱ्याबाहेरची.

गंगव्वानं पदराखालून एक पुडकं काढलं, फडकं सोडलं आणि एक जोडी माझ्या हातांवर ठेवली. बदामी रंगाचं कातडं, तेल पिऊन तुकतुकीत. पट्ट्यावर अशी बारीक वेणी की कातड्याची आहे हे बोट फिरवल्याशिवाय पटू नये. एक खिळा नाही. सगळी शिवण चामड्याच्याच वादीची. पट्ट्यावर लाल गोंडा.

"ही एका घरची न्हाय बाई," शिदाप्पा पहिल्यांदा बोलला. "आमची आठ घरं हाईत. एकानं कातडं कमावलं, एकानं तळ कापला, बायकांनी येन्या घातल्या. पुण्याला जायची म्हनून केली."

"आणि गेली नाही तर?"

उत्तर गंगव्वानं दिलं. "पुन्याच्या येका दुकानदारानं सांगून ठिवलंय, परदर्शनाचा शिक्का पडला तर दर म्हैन्याला माल घेतो. शिक्का पडला तर आठ घरं ह्याच कामावर ऱ्हात्यात. न्हाय पडला, तर वखारीचा मुकादम येऊन बसलाय दारात. शिमग्याच्या आदी सगळी तंबाकू झाडायला. येकदा वखारीत गेल्यावर कोन परत येतंय?"

"परीक्षक आले नाहीत?"

"आल्ते की. हितंच चपला काडल्या आनि आत गेले."

मी तशीच चिटणिसांकडं गेले. प्रदर्शनाचे चिटणीस वकील, सज्जन गृहस्थ, स्वतः सूत कातणारे. मी जे बोलले त्याचा आवाज शेजारच्या गाळ्यापर्यंत गेला असणार, कारण मांड्यांपाशीची गर्दी वळून पाहू लागली.

"बाई, रागावू नका," ते म्हणाले. "आम्ही त्यांना जागा नाकारलेली नाही. उलट मोक्याची जागा दिली. प्रत्येक माणसाचं पाऊल आधी तिथंच पडतं!"

"पाऊल पडतं. नजर पडत नाही."

"पण तसबिरीसमोर पादत्राणं चालत नाहीत, मग पादत्राणांचं प्रदर्शन कसं चालेल? तुम्हीच सांगा. लोक काय म्हणतील?"

"न वापरलेली वहाण ही पादत्राण नसते, कारागिरी असते. वापरलेली बाहेर काढा, नवी आत मांडा!"

ते गोंधळले. माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. शेवटी इतकं कबूल केलं की उद्या व्याख्यान संपल्यावर परीक्षकांना दाराशी नेऊ. मी हे गंगव्वाला सांगितलं आणि वर म्हटलं, "उद्या मी भाषणात तुमच्याबद्दलच बोलणार आहे."

ती म्हणाली, "भाशन नगो बाई. परीक्षक पायजेत. भाशनाला लई माणूस येनार, आनि लई माणूस म्हंजे लई चपला."

मला वाटलं, ही दमली आहे म्हणून असं बोलते.

त्या संध्याकाळी पिरनवाडीच्या रस्त्यानं खूप चालले. डोक्यात वाक्यं तयार होत होती, एकाहून एक धारदार. शिक्षिकाबाईंनी विचारलं, जेवलात का, तेव्हा आठवलं की कुंद्यानंतर पोटात काही गेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मंडप ओसंडून वाहत होता. खेड्यांतून बैलगाड्या आल्या होत्या, शाळा सुटून मास्तर आले होते, वकील, व्यापारी, बायका वेगळ्या बाजूला. आत जाताना कमानीपाशी पाहिलं. तरट दिसतच नव्हतं. चपलांचा ढीग पसरत रस्त्यापर्यंत गेला होता आणि त्या ढिगात कुठंतरी गंगव्वा दोन्ही हातांनी आपला माल एका बाजूला ओढत होती. पुण्याला जायची जोडी तिनं परीक्षकांसाठी फडक्यावर पुढं मांडून ठेवली होती. दुपारच्या उन्हात ती चमकत होती.

मी बोलले, बोरगावच्या आठ घरांचं आणि त्यांची वाट बघणाऱ्या वखारीचं सगळं सांगितलं. कसं बोलले ते ज्यांनी ऐकलं त्यांना आठवत असेल. शेवटी मी म्हटलं, "मँचेस्टरनं आपल्या विणकराला बाजाराबाहेर काढलं म्हणून आपण कापडांच्या होळ्या केल्या. या कमानीबाहेर आपण कोणाला काढलंय? इथल्या एका तरी परीक्षकानं उठून दाराशी जावं, तरच मी माझं भाषण संपलं असं समजेन." टाळ्यांचा कडकडाट झाला. पुष्कळ वेळ चालला. परीक्षकांच्या खुर्च्यांवर मात्र सगळे टाळ्या वाजवत बसून राहिले.

मग आप्पा उठले. सत्तरी गाठलेला माणूस, काठी टेकत. त्यांनी चामड्याची वहाण सोडल्याला वीस वर्षं झाली. कापडी जोड्यातच चालतात. त्यांच्या शेजारचे परीक्षक कुजबुजले, "आप्पा, तुम्हाला चामडं वर्ज्य, आणि तुम्ही कुठं निघालात?"

"चामडं घालायचं न्हाय हे माजं व्रत," आप्पा म्हणाले. "दुसऱ्याचं काम बघायचं न्हाय असलं व्रत मी घेतल्यालं न्हाय. आनि खरं सांगू का? ती आठ घरं वखारीत आली तर माज्याच धंद्याला बरं हाय. मला मानसं लागत्यात. तरी बी उठलोय. तुमी तरी उठा!"

दोघे परीक्षक उठले. पण तेवढ्यात अध्यक्षांनी आभार मानून सभा संपल्याचं जाहीर केलं, आणि सभा संपली म्हणजे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. सगळं मैदान एकदम कमानीकडं धावलं. संध्याकाळच्या मोटारी गाठायच्या होत्या, बैल जुंपायचे होते. आम्ही त्या लोंढ्यात अडकलो. पाय चाचपडत होते, हात एकमेकांवर पडत होते, "माझी कुठं?" "ती न्हवं रं, डावी डावी!" असा गलका. कुणी एक चप्पल पायात, एक हातात घेऊन पळत होतं.

आम्ही दाराशी पोहोचलो तेव्हा गर्दी पातळ झाली होती. गंगव्वा फडक्यापाशी उभी होती. फडक्यावर चपला होत्या. पण त्या टाचा झिजलेल्या, अंगठा उसवलेल्या, धुळीनं पांढऱ्या पडलेल्या. बोरगावची जोडी गेली होती.

"माल सांबाळत हुते मागं," ती म्हणाली. "वळून बगते तर..."

शिदाप्पा मोटारींच्या थांब्याकडं धावला. मी बैलगाड्यांकडं. पाय बघत सुटले, शेकडो पाय. एका गाडीवानानं विचारलं, "काय हरवलंय, आक्का? पैंजन?" मी सांगितलं. तो म्हणाला, "आरं द्येवा. नवी चपल पायाला गोड लागली असंल कुनाच्या तरी. चोर नसंल तो, आपली म्हनूनच घालून गेला असंल." त्यात त्यानं आपल्या समाजाचं वर्णन एका वाक्यात केलं.

परीक्षकांनी गंगव्वाचा बाकीचा माल हातात घेऊन पाहिला. दोघांनीही स्वतःच्या हातात घेतला, हे नमूद करते. चांगला आहे, म्हणाले, रोजच्या वापराचा उत्तम. पण पुण्याला पाठवायला असामान्य काहीतरी लागतं आणि ते समोर नाही, न पाहिलेल्या जोडीवर शिक्का कसा मारायचा? त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. चिटणीस मात्र ओशाळले होते. त्यांनी आपणहून सांगितलं की पुण्याच्या पेट्या पौर्णिमेला बंद होतील. तोपर्यंत जोडी सापडली तर परीक्षकांना पुन्हा बसवू, मंडपात बसवू, तसबिरीसमोर.

"दुसरी जोडी नाही का करता येणार?" मी विचारलं.

शिदाप्पा म्हणाला, "कातडं कमवायलाच म्हैना जातोय बाई."

परतीच्या मोटारीत ते दोघं, आप्पा आणि मी एकत्र होतो. क्लीनर त्यांचं गाठोडं टपावर टाकायला निघाला तेव्हा आप्पांनी ते आपल्या मांडीवर ठेवून घेतलं. संकेश्वरला चहासाठी गाडी थांबली. प्रत्येक उतरणाऱ्याच्या पायाकडं गंगव्वा पाहत होती. एकाच्या पायात नवी चप्पल दिसली, ती अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. "ही आथणीची, आमची न्हवं," ती म्हणाली. मग मीही तिच्याबरोबर उतरणाऱ्यांचे पायच बघायला लागले.

निपाणीच्या स्टँडवर वखारीचा मुकादम उभाच होता. "काय शिदाप्पा, मग सोमवारपासनं येनार न्हवं?"

गंगव्वानं नवऱ्याला उत्तर देऊ दिलं नाही. "पौर्णिमेपातूर थांब. मग बोलू."

"पौर्णिमेला काय हाय?"

"आमची जोडी येनार हाय," ती म्हणाली आणि बोरगावच्या गाडीकडं चालायला लागली.

मी घरी येऊन आठवडा होत आला. लोक विचारतात, प्रदर्शन कसं होतं? मी सांगते, मांडे बघा, करदंट आणा, शहापूरचा हातमागच मंडपात मांडलाय, प्रवास सोपा आहे, घाटात थोडं चालावं लागतं. हे सगळं खरं आहे. पण बोलताना माझं लक्ष समोरच्याच्या तोंडाकडं नसतं. रस्त्यात, देवळाच्या पायरीशी, सभेच्या दाराशी मी खाली बघत चालते. काल मागून करकर ऐकू आली म्हणून वळले, आणि एका अनोळखी गृहस्थाला उगाच थांबवलं. ते बिचारे घाबरून म्हणाले, "काय झालं, बाई?" त्यांच्या चपला काळ्या होत्या.

म्हणून हे लिहिते आहे, आणि ज्यांच्यासाठी लिहिते आहे ते नक्की वाचतील, कारण त्या सभेत तुम्ही होतात. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. टाळ्या वाजवून बाहेर आलात, घाईत पाय सरकवलेत आणि घरी गेलात. तुमच्यापैकी एकाच्या उंबऱ्यापाशी ती जोडी आत्ता पडली आहे. चोर म्हणून मी कुणाला शोधत नाही. आज दाराशी जा आणि वाकून बघा. बदामी रंग. पट्ट्यावर बारीक वेणी, लाल गोंडा. तळाला एकही खिळा नाही. चालताना डावी उजवीपेक्षा जास्त करकरते. शिदाप्पानं सांगितलेली खूण आहे ही. आणि तुम्हाला ती पहिल्या दिवशी थोडी घट्ट झाली असेल, कारण तुमच्या पायाचं माप कुणी घेतलेलंच नव्हतं.

ती जोडी तुमच्याकडं असेल तर पौर्णिमेच्या आत बोरगावला गंगव्वाकडं नेऊन द्या. गड्याबरोबर पाठवू नका, पोस्टानं नको, स्वतः जा. आणि जाताना ती पायात घालू नका. पुसून, दोन्ही हातांत धरून घेऊन जा.